चित्र सोडताना

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

आज पुन्हा सातव्या चित्रावर प्रोग्राम बंद पडला. काळ्या पडद्यावर एकच शब्द येतो, किल्ड. मेमरी भरली की मशीन विचारत बसत नाही, प्रोग्रामला उचलून बाहेर टाकतं.

काम मुळात साधं आहे. कारखान्याच्या कार्यक्षेत्राची उपग्रहानं घेतलेली चित्रं, जूनपासूनची. प्रत्येक चित्र म्हणजे आकड्यांची एक प्रचंड चौकट. एक उघडायचं, त्यातून नोंद झालेल्या प्रत्येक उसाच्या शेताचा तुकडा बाजूला काढायचा, चित्र सोडून द्यायचं, पुढचं उघडायचं. एकाच शेताचे तुकडे ओळीनं लावले की तिथला ऊस कसा वाढत गेला ते दिसतं, आणि कुठला आधी तोडायचा ते सांगता येतं. दिवाळीच्या आत शेतकी खात्याला हे द्यायचं आहे. मनालीनं आणि मी नोकऱ्या सोडून घेतलेलं पहिलं मोठं काम. कसबा बावड्यात खताच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं, एक मशीन.

मनाली म्हणाली, "मोठं मशीन घेऊया की."

"मोठ्यावर दहाव्या चित्राला मरेल."

"मग त्याच्याहून मोठं."

ती कारखान्याच्या माणसांशी बोलते, मी आकड्यांशी. त्यामुळे तिला वाटतं, सगळं काही जोर लावला की होतं.

घरी आले तर आप्पा भाकरी थापत होते. सदुसष्टाव्या वर्षी त्यांना स्वयंपाकाची हौस आली आहे. आत्ती शेजारी उभी राहून बघत होती. महाराष्ट्राच्या नकाशासारखी झालेली भाकरी खालच्या बाजूनं फाटली.

"अण्णा, तुझं बेळगाव तुटलं बघ."

"कधी होतं आपल्यात?" आप्पा म्हणाले आणि तशीच तव्यावर टाकली.

मी म्हटलं, आजपण मेला प्रोग्राम.

"मेला म्हणू नये. बंद पडला म्हण," आत्ती म्हणाली. असले शब्द तिला घरात चालत नाहीत. भाजीसुद्धा आमच्याकडे चिरतात, कापत नाहीत.

जेवण झाल्यावर म्हणाली, "अदिती, तुझ्यासंगं जरा बोलायचं हाय."

मी म्हटलं, उद्या.

८ सप्टेंबर, रविवार

दशलक्षण पर्व सुरू झालं. आत्ती पहाटेच बस्तीत, आमच्या जैन मंदिरात गेली. परत आल्यावर हॉलमधल्या खुर्चीत बसली. एरवी ती स्वयंपाकघराच्या दारात बसते, म्हणून मी वर बघितलं.

"मी दीक्षा घ्यायची म्हणतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'म्हणतो'च म्हणतात.

आप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही, म्हणजे त्यांना माहीत होतं.

लिहून बघते, म्हणजे मला नीट कळेल. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची धाकटी बहीण, आक्काताई. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली. मी पाच वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर मला आत्तीनंच वाढवलं. आता ती क्षुल्लिका होणार. पांढरी साडी, मोरपिसांची पिंछी, कमंडलू. दिवसातून एकदा जेवण. सगळीकडे पायी. घर नाही, नाव नाही, नातं नाही. रस्त्यात दिसली तरी तिला आत्ती म्हणायचं नाही.

"दीक्षा देणाऱ्या माताजी म्हणतात, घरातल्या सगळ्यांनी हो म्हटल्याबिगर दीक्षा न्हाय. अण्णानं हो म्हटलंय. ऱ्हायलीस तू."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर न्हाय जायाचं."

हे ती जशी 'आज दूध न्हाय आलं' म्हणते तसं म्हणाली.

मी सांगितलं, हातातलं काम संपू दे, मग बघू. समंजस उत्तर दिलं असं वाटतं. घाईत असले निर्णय घ्यायचे नसतात.

११ सप्टेंबर, बुधवार

प्रत्येक चित्रानंतर त्याचं व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राममध्ये त्याला दिलेलं नाव, पुसून टाकायची ओळ घातली. काही फरक नाही. पुसलं म्हणजे फक्त नाव जातं असं दिसतं. दारावरची पाटी काढावी आणि आत माणसं तशीच राहावीत, तसं.

मेमरीचा आलेख जिन्यासारखा चढतो. एक चित्र, एक पायरी. उतरत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

क्षमावणी. सकाळपासून येणारे-जाणारे, फोन. सगळे हात जोडून एकमेकांना उत्तम क्षमा म्हणत होते. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. आत्तीही आली. तिनं माझ्यापुढं हात जोडले आणि "वर्षभरात" म्हणायच्या जागी "एवढ्या वर्सांत" म्हणाली. मीही हात जोडून पटकन म्हणून टाकलं. मनाली खाली गाडी घेऊन थांबली होती, कारखान्यावर बैठक होती.

बैठक ठीक झाली. त्यांनी विचारलं, कधी देताय. मनालीनं सांगितलं, दिवाळीआधी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मला राग येतो आहे. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. देवाधर्माचा नाही, मी रविवारी बस्तीत जाते. आत्तीचाही नाही. पण ती कपाट उघडून बसली की मला त्या खोलीत थांबवत नाही. आज तिनं जरीची साडी शेजारच्या सुनेला दिली. त्या सुनेनं विचारलं, काय निमित्त? आत्ती म्हणाली, "मला वापरणं हुईना." हे खोटं नाही.

मी तिला विचारलं, देवळात जाऊन, उपास करून, घरात राहून होत नाही का?

"हुतं की."

"मग?"

"तुझं नोकरीत भागत हुतं की. मग का सोडलीस?"

ही तुलना बरोबर नाही. पण तोवर ती पुढची साडी उलगडायला लागली, म्हणून इथं लिहिते. ही तुलना बरोबर नाही.

प्रोग्राम आज सहाव्या चित्रावरच पडला. मागे दुसरं काहीतरी चालू राहिलं होतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं.

इतके दिवस मी समजत होते, की चित्रातून शेताचा तुकडा मी कापून घेते. तो कापलेला नसतोच. मोठ्या चौकटीचा एक भाग मागितला, तर प्रोग्राम तो वेगळा करून देत नाही, मूळ चौकटीकडे बघणारी एक छोटी खिडकी उघडून देतो. तसं करणं जलद असतं, आणि एरवी त्यात गैर काही नाही. पण खिडकी आहे तोवर मागची चौकट हलवता येत नाही. मी नाव पुसलं तरी चौकट तिथंच. दहा गुंठ्यांचा तुकडा हातात धरला आहे आणि त्याच्यासाठी अख्खं कार्यक्षेत्र मेमरीत उभं आहे. आणि असे हजारो तुकडे, प्रत्येक चित्राचे.

उपाय एका शब्दाचा. तुकडा हवा असेल तर त्याची कॉपी करून घ्यायची. ती खरोखर वेगळी असते, आपल्या पायावर उभी. मग चौकट सोडली की ती जाते.

आलेख आज पहिल्यांदा खाली आला. चढला, उतरला, चढला, उतरला. सगळी चित्रं झाली. मी मनालीला हाक मारली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "करवतीगत दिसतंय. चहा सांगू?"

घरी सांगितलं. आप्पांनी विचारलं, म्हणजे आता मोठं मशीन नको? आत्ती म्हणाली, "मग झालं की तुझं काम."

मी म्हटलं, अजून तपासायचं आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

आत्ती दुपारी डबा घेऊन ऑफिसात आली. जिना चढून, हातात पिशवी. मी डबा विसरले नव्हते, सकाळीच नेला होता. तिनं दुसरा केला होता.

मनाली म्हणाली, "आत्ती, हिला घरी घेऊन जावा. काम झालंय तरी उठत न्हाय."

"माझं कुठं ऐकत्या ती. तू मैत्रीण, तू सांग."

"माझं तर अजिबात न्हाय ऐकत. मी पार्टनर हाय."

दोघी हसल्या. मनाली माझ्या वाटणीची भाकरी खायला बसली. आत्तीनं तिला तिची आई कशी आहे विचारलं, गुडघ्याचं विचारलं, आणि मग माझ्या पडद्याशी आली.

"काय धरून बसलं हुतं गं ते एवढे दिवस? दाव मला."

मी एक चित्र उघडून दाखवलं. जूनमधलं. तिनं चष्मा पुसला. नदी काळी दिसते, गाव करडं, ऊस उजळ. तिनं विचारलं, बस्ती कुठं? घर कुठं? मी मोठं करून दाखवलं. एवढ्या उंचीवरून आमचं घर म्हणजे एक ठिपका. दुसरा ठिपका शेजाऱ्यांचा.

"ह्यात आपण हाय?"

"असू. सकाळची वेळ आहे. तू दारात असशील."

ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "मला कायबी कळलं न्हाय. पण छान हाय." पिशवी घेऊन निघाली. मनाली तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून आली. परत आल्यावर मनाली म्हणाली, "त्या तुला विचारायला आलत्या."

"काही विचारलं नाही."

"व्हय. न्हाय विचारलं." आणि ती हात धुवायला गेली.

९ ऑक्टोबर, बुधवार

आलेख अजून पूर्ण खाली येत नाही. सगळी चित्रं सोडल्यावरही तळाशी एका चित्राएवढी जागा अडलेली राहते. प्रोग्राम चालतो, उत्तरं बरोबर येतात. पण एक चित्र कुणीतरी धरून ठेवलं आहे आणि कोण ते कळत नाही.

मनाली म्हणते, चालतंय तर द्यायचं. मी म्हणते, हे कळल्याशिवाय देता येणार नाही. आत्तीला मी तेच सांगितलं, अजून एक राहिलं आहे. ती म्हणाली, "बरं."

१३ ऑक्टोबर, रविवार

आत्तीच्या माताजींना भेटून आलो. नृसिंहवाडीच्या अलीकडे एका गावात त्यांचा चातुर्मास आहे. वाडीला जाणाऱ्या माणसांनी गाडी भरली होती. आप्पांना बसायला जागा मिळाली, आम्ही दोघी शिरोळपर्यंत उभ्या.

माताजी ऐंशीच्या पुढे आहेत. लाकडी पाटावर बसतात, पाठ ताठ. बोलण्यात कानडी हेल. मला वाटलं होतं त्या उपदेश करतील. त्यांनी विचारलं, "काय काम करतेस बाळ?"

मी थोडक्यात सांगितलं. उसाची चित्रं.

"बरं. आणि हिला जाऊ द्यायचं नाही म्हणतेस?"

"असं म्हटलं नाही मी. आप्पांचं कोण बघणार? त्यांचं ऑपरेशन झालंय."

आप्पा मागून म्हणाले, "मला भाकरी येत्या आता." कुणीतरी हसलं.

माताजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या तोंडून निघाल्याशिवाय मी देणार नाही. मागंही दिली नव्हती."

मला कळलं नाही. मी आत्तीकडे बघितलं. ती चटईची काडी सरळ करत होती.

"तुला कुणी सांगितलं नाही का? तुझी आई गेली त्याच साली ही माझ्याकडे आली होती, दीक्षा मागायला. तू कडेवर. मी म्हटलं, पोरीला खाली ठेव आणि बोल. ठेवलं तुला. तुझ्या मुठीत हिचा पदर. बोलणं होईपर्यंत तू तशीच उभी. मी प्रसाद दिला तर दुसऱ्या हातानं घेतलास. मी हिला म्हटलं, ही मूठ ओढून सोडवू नको. तिची ती सुटू दे, मग ये."

"झोपल्यावर पण सोडत न्हवती," आत्ती म्हणाली. मला नाही, माताजींना. दोघी एकदम हसल्या, दोन म्हाताऱ्या मैत्रिणी हसाव्यात तशा.

मला यातलं काही आठवत नाही. पदर कसला होता, हेसुद्धा नाही.

येताना बसायला जागा मिळाली. मग मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

"काय सांगायचं? पाच वर्साची तू."

"मोठी झाल्यावर."

"मोठी झालीस तर तुझी दहावी. मग बारावी. मग पुण्याला गेलीस तवा अण्णाचं ऑपरेशन. रोज कायतरी असायचंच की." आणि तिकिटांची घडी घालत, "बरं चाललं हुतं माझं. रडत बसलो न्हवतो मी. उगं तसलं काय मनात आणू नको."

माताजींना हो म्हणायचं तसंच राहिलं होतं. हातकणंगल्याला आप्पांनी चुरमुरे घेतले. तिघांनी खाल्ले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अडलेलं चित्र सापडलं. ते मीच धरून ठेवलं होतं.

पडद्यावरच्या ज्या पानात मी प्रोग्राम लिहिते आणि चालवते, तिथं एखादी गोष्ट नुसती बघायला मागवली, तरी ती दाखवून झाल्यावर आपल्याकडे राखून ठेवली जाते. पुन्हा मागितली तर असावी म्हणून. नाव दिलेलं नसलं तरी. मी ते पान सात तारखेपासून बंदच केलं नव्हतं. राहिलेलं चित्र जूनमधलं आहे. आत्तीला दाखवलेलं.

म्हणजे कुठलीही चूक नव्हती. फक्त बघितलं होतं.

सोडायची ओळ टाइप केली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. बोलणं झालं. मग दाबली. आलेख तळाला गेला, एकदम सपाट.

मनाली खुर्ची फिरवून म्हणाली, "आता?"

"आता काही नाही."

"तेच म्हणतोय मी."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

संध्याकाळी लवकर घरी आले. आत्ती मागच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"गेला प्रोग्राम शेवटपर्यंत?"

"गेला."

"काय अडकलं न्हाय?"

"नाही."

"मग देऊन टाक त्यास्नी."

"देते." मी शेजारी बसले, शेंगा पुढे ओढल्या. तिची आणि माझी एक लय आहे, लहानपणापासूनची. ती दोन फोडते तेव्हा माझी एक होते. थोड्या वेळानं मी म्हटलं, "तू पण जा."

तिच्या बोटातली शेंग फुटली. तिनं दाणे ताटात टाकले, टरफल सुपात.

"टरफलं दाण्यात टाकू नको," ती म्हणाली. "निवडत बसावं लागतंय."

मी बघितलं तर माझ्या हातून खरंच सगळं ताटात पडत होतं.

मग ती उठून न्हाणीघरात गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. तोंड धुवायला तांब्याभर पाणी घेते ती, जास्त घेतलं तर आम्हालाही बोलते. नळ बिघडला असेल. उद्या आप्पांना बघायला सांगते.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

पहाटे बस्तीत महावीरांचा निर्वाण लाडू वाहिला. आत्तीबरोबर शेवटचा. गर्दीत तिनं माझा दंड धरला होता, पायऱ्या ओल्या होत्या म्हणून.

काम परवाच कारखान्याला दिलं. मनालीनं मोठं मशीन घ्यायचं नाव पुन्हा काढलं नाही. मला म्हणाली, "सुट्टी घे. घरात बस तिच्याजवळ." मी म्हटलं, घरात बसून काय करू? ती म्हणाली, "काय करू नको. बस."

बसते आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

दीक्षा झाली.

मांडव मोठा होता. सकाळी तिला नवरीसारखी नटवून गावातून मिरवलं. बांगड्या, गजरा, भरजरी साडी. तिच्या केसांत मी गजरा कधी बघितला नव्हता. ती ओशाळून हसत होती. गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, आक्काताई काय दिसत्या बघ.

मग मंचावर तिनं सगळ्यांची क्षमा मागितली, आणि घरच्यांची परवानगी. आधी आप्पा. त्यांनी नुसता हात वर केला, ते चाललं. मग माझ्यापुढं माईक आला. कार्यकर्त्यानं मला आदल्या दिवशीच वाक्य सांगून ठेवलं होतं. आम्ही आनंदानं आणि स्वेच्छेनं अनुमती देतो, असं काहीतरी.

मी म्हटलं, "हो."

तो हळूच म्हणाला, "ताई, पूर्ण वाक्य."

मी पुन्हा म्हटलं, "हो."

मांडवात हसू पसरलं. आत्तीही हसली. माझ्याकडे बघून हसली ती तेवढीच.

मग केशलोच. राख लावून हातानं केस उपटतात. आधी माताजींनी, मग तिनं स्वतः. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. तिचा चेहरा दुखल्यासारखा नव्हता. सुईत दोरा ओवताना असतो तसा होता.

पडद्याआड जाऊन पांढऱ्या साडीत आली. डोकं लहान झालं होतं. नाव पुकारलं. आप्पांना गर्दीत नीट ऐकू आलं नाही.

"काय ठेवलं?"

"आर्जवमती."

"चांगलं हाय." मग म्हणाले, "आईनं ठेवलेलं पण चांगलं हुतं."

उतरवलेली साडी आणि बांगड्या घरच्यांकडे देतात. मी मांडीवर घेऊन बसले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की साडी अजून गरम आहे. उन्हात बसलो होतो.

२२ डिसेंबर, रविवार

माताजींचा संघ पायी विहार करत बावड्याला आला. आज आम्हीही चौका लावला, म्हणजे शुद्ध पाण्यानं सोवळ्यात स्वयंपाक करून त्यांची वाट बघत दारात उभं राहायचं. पाणी शेतातल्या विहिरीवरून आप्पांनी आणलं. गल्लीत पाच घरांनी लावला होता. कुठल्या दारात थांबायचं ते त्यांचं त्या ठरवतात. आपण बोलवायचं, ओढायचं नाही.

संघातल्या ताईंनी काल येऊन सांगितलं होतं. आर्जवमती माताजींनी मीठ सोडलं आहे. जेवताना अन्नात केस निघाला, किंवा कुणाच्या रडण्याचा आवाज कानावर आला, तर त्या तिथंच हात आवरतात. मग उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही.

आमटीत मीठ पडल्यावर माझ्या लक्षात आलं. हात आपोआप गेला होता. ती बाजूला ठेवून दुसरी केली.

आप्पा म्हणाले, "मला जमायचं न्हाय. मी कोपऱ्यावर थांबतो." आणि गेले.

मी कलश घेऊन दारात उभी राहिले. त्या गल्लीत आल्या तेव्हा पहिल्या घरापुढून सरळ पुढे आल्या, दुसऱ्यापुढूनही. नजर जमिनीवर. चालणं तेच, उजवा पाय किंचित बाहेर टाकत. मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. फुटला. "इच्छामि माताजी, इच्छामि. अत्र तिष्ठ." पुढची वाक्यंही आली, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे.

त्या थांबल्या.

मी पाय धुतले. टाचांना भेगा पडल्या आहेत. पाटावर बसल्या, पात्र पुढे धरलं. भात वाढला, आमटी वाढली, दुधी वाढला. मी वाढत होते आणि त्या जेवत होत्या, दुसरं काही नव्हतं. एकदा त्यांनी पात्र थोडं पुढे केलं. दुधी हवा होता. नंतर तळहात आडवा धरला. मी डाव मागे घेतला.

मी रडले नाही. नंतरही नाही.

पाणी दिलं. त्यांनी हात धुतले, पिंछी उचलून आशीर्वाद दिला, पायऱ्या उतरल्या. दारातून बघितलं. कोपऱ्यावर आप्पा हात जोडून उभे होते. पिंछी त्यांच्यासाठीही उचलली गेली, बाकीच्यांसाठी जशी उचलली जाते तशीच. मग त्या वळल्या.

आप्पा आत आले. चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"जेवली?"

"पोटभर."

"काय काय घेतलं?"

मी सगळं सांगितलं. दुधी दुसऱ्यांदा मागितला, तेही. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं.

मग आम्ही ताटं घेतली. आप्पांनी दोन्ही पातेल्यांवरची झाकणं उचलून बघितली आणि विचारलं, बिनमिठाची कुठली? मी दाखवली. त्यांनी ती वाढून घेतली. मीही तीच घेतली.